परागकण घडताना पेशीच्या आत काय बदलते? कांद्याच्या हिरव्या कळीवरून दिलेले उत्तर

निफाड तालुक्यातील, बी.एस्सी.ला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, पुस्तकात परागकणाची निर्मिती मातृपेशी, तिच्यापासून झालेल्या चार पेशींचे चतुष्क आणि परागकण अशा तीन चित्रांत संपते, तर या चित्रांच्या मधल्या काळात पेशीच्या आत नेमके कोणते बदल होतात? दुसरा प्रश्न घरच्या शेतातला आहे. उळ्यासाठी, म्हणजे कांद्याच्या बियांसाठी, लावलेल्या डोंगळ्यांपैकी (फुलोऱ्यावर आलेल्या कांद्यांपैकी) काही गोंड्यांवरची फुले नेहमीसारखी उमलली, मात्र त्यांच्या परागकोशांत पिवळी पूड धरलेली नाही. परागकोश फिकट आणि सुरकुतलेले दिसतात. दुकानातून सुचवलेल्या दोन फवारण्या झाल्या, फरक पडला नाही. हा रोग आहे का, असे घरच्यांना विचारायचे आहे.

माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. कांद्याच्या बीजोत्पादनात आणि वनस्पतींच्या भ्रूणशास्त्रात माझी बरीच वर्षे गेली, आणि या काळात एक गोष्ट पक्की झाली: उमललेले फूल पाहून परागाविषयी निदान करायला गेलो, तर आपण बरेच दिवस उशिरा पोहोचलेले असतो. परागाचे भवितव्य कळी हिरवी आणि घट्ट मिटलेली असतानाच ठरलेले असते, आणि बहुतेक वेळा ते परागकणाच्या स्वतःच्या पेशीत न ठरता तिला वेढून असलेल्या शेजारच्या थरात ठरते.

प्रथम पाहायचे कसे ते सांगतो, कारण कांद्यासारखी सोय दुसऱ्या पिकात क्वचितच मिळते. कांद्याच्या पेशीत गुणसूत्रे केवळ १६ असतात आणि ती चांगली मोठी असतात; त्याच्या एका गुणसूत्रसंचातील डीएनए माणसाच्या संचाच्या सुमारे पाचपट आहे. शिवाय एका गोंड्यावर शेकडो फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत, त्यामुळे एकाच गोंड्यात सर्व वयांच्या कळ्या सापडतात. ज्वारीच्या दाण्याहून लहान, अजून पूर्ण हिरव्या असलेल्या कळ्या सकाळी काढाव्यात आणि तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात एक दिवस ठेवाव्यात. नंतर काचपट्टीवर एक कळी फोडून तिच्या सहा परागकोशांपैकी एकच सुईने बाजूला घ्यावा, ॲसिटोकार्मिनच्या थेंबात तो चिरडावा, भिंतीचे तुकडे उचलून टाकावेत, आच्छादक काच ठेवून तिच्यावर टिपकागद धरावा आणि अंगठ्याने सरळ खाली दाब द्यावा. काच आडवी सरकू देऊ नये. पहिल्या कळीत बहुधा काहीच हाती लागत नाही. चौथ्या-पाचव्या कळीत मात्र गुलाबी पार्श्वभूमीवर गडद लाल रंगाच्या आठ जोड्या स्पष्ट मोजता येतात. तो क्षण विद्यार्थ्याने स्वतः अनुभवला, की पुढचे सारे विवेचन त्याला सोपे जाते.

परागकोशाची रचना पुस्तकात पुरेशी दिलेली असते, म्हणून ती थोडक्यात आटोपतो. कोवळ्या परागकोशाच्या चार कोपऱ्यांत, बाह्यत्वचेच्या खाली, काही पेशी आकाराने मोठ्या आणि ठळक केंद्रकाच्या दिसू लागतात. त्या विभागून बाहेरच्या बाजूला भिंतीचे थर आणि आतल्या बाजूला बीजाणुजनक पेशी तयार होतात. भिंतीत बाहेरून आत बाह्यत्वचा, पुढे परागकोश फुटताना कामी येणारा एंडोथेसियम, लवकर चिरडून नाहीसा होणारा मधला थर आणि सर्वांत आत टॅपेटम, म्हणजे पोषकस्तर, असा क्रम असतो. टॅपेटम हे नाव लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता मातृपेशी. सुरुवातीला ती अगदी साधी, शेजाऱ्यांशी सूक्ष्म जीवद्रव्य-तंतूंनी जोडलेली पेशी असते. टॅपेटमशीही तिचे असे दुवे असतात. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या अर्धसूत्री विभाजनाची वेळ आली की ती पेशीपटलाच्या बाहेर आणि मूळ पेशीभित्तिकेच्या आत एक नवा थर घालू लागते. हा थर कॅलोज नावाच्या शर्करा-बहुवारिकाचा असतो. कॅलोज साचत जाते तसतसे टॅपेटमशी असलेले दुवे तुटतात आणि मातृपेशी उरलेल्या वनस्पतिदेहापासून वेगळी पडते. ॲनिलिन ब्ल्यू हे रंजक लावून अतिनील प्रकाशात पाहिले तर हे वेष्टन पिवळसर-हिरव्या तेजाने चमकते. झाडाच्या शरीरात राहून शरीरापासून तुटलेली अशी पेशी दुसऱ्या ठिकाणी फार कमी आढळते. मला या अवस्थेचे महत्त्व फार वाटते, कारण येथून पुढे या पेशीला ‘मी पुंकेसराची पेशी आहे’ ही जुनी ओळख सोडून नव्या पिढीची सुरुवात करायची असते.

येथे एक गंमतीचा अपवाद आहे. टॅपेटमशी नाते तुटत असतानाच मातृपेशींचे आपापसांतले दुवे मात्र रुंद होतात. साधे जीवद्रव्य-तंतू नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात, तर या मार्गिकांची रुंदी एक ते दोन मायक्रोमीटरपर्यंत जाते आणि त्यांतून पेशीद्रव्य, प्रसंगी अख्खी लवकेही (प्लास्टिड), इकडून तिकडे जाऊ शकतात. एका परागपुटातील सर्व मातृपेशी त्यामुळे पूर्वावस्थेपुरत्या, म्हणजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यापुरत्या, जणू एकच सलग जीवद्रव्य बनतात. तुम्ही चिरडलेल्या परागकोशात बहुतेक सर्व पेशी एकाच अवस्थेत का दिसतात, याचे कारण बऱ्याच अंशी हेच आहे. पहिले विभाजन पुढे सरकले की या मार्गिकाही कॅलोजने बुजतात आणि चतुष्काच्या वेळी प्रत्येक पेशी पूर्ण एकटी पडते.

पेशीच्या आत याच काळात जे घडते ते पुस्तकातल्या चित्रांत अजिबात दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तोच या विषयाचा गाभा आहे. पूर्वावस्थेत मातृपेशीतील रायबोझोमांची, म्हणजे प्रथिने बांधणाऱ्या कणांची, संख्या झपाट्याने घटते आणि पेशीद्रव्यातील आरएनए कमी होते. १९६० आणि १९७० च्या दशकांत हेस्लॉप-हॅरिसन, डिकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिलीच्या परागकोशांवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काम करून हे दाखवून दिले. त्याच वेळी लवके आतील पटले गमावतात आणि साध्या, गोलसर पिशव्यांसारखी होतात. तंतुकणिकांच्या (मायटोकाँड्रियांच्या) आतील घड्याही विरळ होतात. दोन्ही अंगके इतकी साधी होतात की छायाचित्रात लवक कोणते आणि तंतुकणिका कोणती हे ओळखायला अनुभवी माणसालाही वेळ लागतो. विभाजन आटोपले की पेशीद्रव्यात नवी रायबोझोमे येतात आणि अंगके पुन्हा आपापली रचना धारण करतात. याचा सरळ अर्थ असा की, पुंकेसराच्या पेशीने आतापर्यंत दिलेल्या प्रथिनबांधणीच्या सूचना बऱ्याच अंशी पुसल्या जातात आणि नव्या पिढीसाठी जागा मोकळी होते. संक्रांतीनंतर घर आवरायला काढावे आणि सामान बाहेर मांडून भिंती झाडाव्यात, तशी ही अवस्था असते, आणि अशा वेळी पेशीला बाहेरचा धक्का सोसत नाही. थंडी, उष्णता किंवा पाण्याचा ताण यांना मातृपेशीपासून कोवळ्या लघुबीजाणूपर्यंतचा, म्हणजे चतुष्कातून सुटणाऱ्या पेशीपर्यंतचा, टप्पा सर्वांत नाजूक असतो.

अर्धसूत्री विभाजनाच्या उपअवस्था तुम्हाला पाठ असतील, त्या मी पुन्हा सांगत नाही. दोन गोष्टी मात्र सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे लागणारा वेळ. मोजणीनुसार हे विभाजन गव्हात सुमारे २४ तासांत, राय या धान्यात ५१ तासांत, कांद्यात सुमारे ९६ तासांत आणि लिलीत तब्बल १९२ तासांत पूर्ण होते. म्हणजे कांद्याची मातृपेशी या नाजूक स्थितीत चार दिवस असते, आणि त्या वेळेचा मोठा भाग एकट्या पूर्वावस्थेत जातो. दुसरी गोष्ट पेशी दुभागण्याच्या पद्धतीची. कांद्यात पहिल्या विभाजनानंतर लगेच मधली भिंत पडते, दोन पेशींची जोडी दिसते आणि नंतर त्या प्रत्येकी विभागतात, त्यामुळे चारही पेशी बहुधा एकाच पातळीत मांडलेल्या दिसतात. टोमॅटोत तसे होत नाही; तेथे दोन्ही केंद्रकविभाजने आधी आटोपतात आणि मग भिंती एकदम पडतात, म्हणून चौथी पेशी इतर तिघींच्या मागे दडलेली असते. नाशिकजवळच्या गिरणारे गावाकडे टोमॅटोचे शेत असेल तर तेथील कोवळ्या कळ्या आणून दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहा. एकदलिकित आणि द्विदलिकित वनस्पतींतला हा फरक वाचून जितका कळतो, त्याहून पाच मिनिटांच्या निरीक्षणाने जास्त कळतो, मात्र दोन्ही गटांत याला अपवाद आहेत हे ध्यानात असू द्यावे.

चतुष्कातील चार लघुबीजाणू कॅलोजच्या कोठडीत बंद असताना त्यांच्या भावी कवचाचा आराखडा आखला जातो. पटल आणि कॅलोज यांच्या मधल्या फटीत सेल्युलोजयुक्त पातळ थर पडतो आणि त्यात ठरावीक अंतरावर उभे खांब आकार घेऊ लागतात. ज्या जागी पुढे परागनलिका बाहेर पडायची असते, त्या जागी पटलाच्या आतून आंतर्द्रव्यजालिकेचे पत्रे लागलेले असतात आणि तेथे हा थर पडत नाही. परागकणावर द्वार राहते ते असे. कांद्याच्या परागावर एकच लांबट खाच असते, तर टोमॅटोच्या परागावर तीन द्वारे असतात. कॅलोज विरघळून लघुबीजाणू मोकळे झाले की या आराखड्यावर स्पोरोपोलेनिनचे थर चढतात आणि एक्झाइन, म्हणजे बाह्यकवच, पक्के होते. स्पोरोपोलेनिन हा सजीवांनी बनवलेल्या सर्वांत चिवट पदार्थांपैकी एक आहे. आम्ल आणि अल्कली यांना तो दाद देत नाही आणि तळ्याच्या गाळात हजारो वर्षे टिकतो. आतले कवच, इंटाइन, मात्र लघुबीजाणू स्वतः गॉल्गी पिंडातून आलेल्या द्रव्याने, पेक्टिन आणि सेल्युलोज वापरून, बांधतो.

स्पोरोपोलेनिनचा कच्चा माल आणि कॅलोज विरघळवणारे विकर (एन्झाइम) कोठून येते? दोन्ही टॅपेटममधून येतात, आणि येथेच दुसऱ्या प्रश्नाची किल्ली आहे.

टॅपेटमच्या पेशी दिसायला मातृपेशींइतक्याच भरदार असतात. बहुतेक वनस्पतींत त्या दोन केंद्रके धारण करतात किंवा त्यांच्या केंद्रकांतील डीएनए अनेक पटींनी वाढते. त्यांचे पेशीद्रव्य रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी पिंडांनी खच्चून भरलेले असते. थोडक्यात, शेजारी मातृपेशी रिकामी होत असताना ही पेशी कामाने ओसंडत असते. कांद्यात आणि बहुसंख्य पिकांत टॅपेटम आपल्या जागी राहून स्रवतो. ट्रॅडेस्कँशियासारख्या काही वनस्पतींत मात्र त्याच्या पेशींच्या भिंती विरघळतात आणि त्यांचे जीवद्रव्य परागकणांच्या मध्ये शिरते. चतुष्क तयार झाल्यावर टॅपेटम कॅलेज हे विकर सोडून कोठडी उघडतो, नंतर साखर आणि कवचाचे द्रव्य पुरवतो, आणि शेवटी ठरलेल्या वेळी स्वतः मरून परागकणावर चिकट, रंगीत स्निग्ध लेप सोडतो. मधमाशीच्या अंगाला पराग चिकटतो तो या लेपामुळे. टॅपेटमच्या पेशींचे हे मरण अपघाती नसून आतूनच ठरवून घडवलेले असते.

यातील प्रत्येक कामाला मुहूर्त आहे. कोठडी लवकर उघडली तर कवचाचा आराखडा अपुरा राहतो; उशिरा उघडली तर लघुबीजाणू आतच गुदमरतो. १९७१ साली इझार आणि फ्रँकेल यांनी पेटुनियात दाखवले की, पराग न धरणाऱ्या वंध्य वाणांत कॅलेज अवेळी कार्यरत होते. १९९० साली तंबाखू आणि रेपसीड यांत बार्नेझ हे आरएनए तोडणारे जिवाणूजन्य विकर केवळ टॅपेटममध्ये निर्माण होईल अशी योजना करण्यात आली. बाकी फूल धडधाकट राहिले, पण पराग मुळीच धरला नाही. परागकणाच्या पेशीला हातही न लावता पराग नाहीसा करता येतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. आपल्याकडे चर्चेत असलेला डीएमएच-११ हा मोहरीचा संकरित वाण याच तत्त्वावर दिल्ली विद्यापीठात तयार झाला आहे.

आणखी एक आकडा सांगण्याजोगा आहे. मक्याच्या परागकोशाच्या वाढीत टॅपेटमच्या प्रत्येक पेशीतील तंतुकणिकांची संख्या सुमारे ४० पटींनी वाढते, असे १९७९ मध्ये ली आणि वार्मके यांनी मोजले. तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र. ज्या झाडाच्या तंतुकणिकांत एखादा छोटा दोष आहे, त्याची मुळे, पाने, कांदा हे सर्व नीट वाढते, कारण तेथे ऊर्जेची मागणी बेताची असते; टॅपेटममध्ये मागणी शिगेला पोहोचते तेव्हा तो दोष उघडा पडतो, असा याचा अर्थ लावला जातो. मला तो पटतो.

कांद्यात हा दोष कसा सापडला याचा इतिहास आपल्या भागातील प्रत्येक बीजोत्पादकाने जाणून घ्यावा असा आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना ‘इटालियन रेड’ या वाणात एक झाड असे आढळले, की ज्याच्या झाकलेल्या गोंड्यात बी धरले नव्हते, पण गोंड्यावर छोट्या कांदुकल्या मात्र आल्या होत्या. त्या कांदुकल्या लावून त्यांनी ते झाड जिवंत ठेवले. १९४३ मध्ये जोन्स आणि क्लार्क यांनी त्याचा उलगडा केला: वंध्यत्वासाठी दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात, एक म्हणजे आईकडून पेशीद्रव्यातून येणारा दोष, आणि दुसरी म्हणजे केंद्रकातील एका जनुकाचे अप्रभावी रूप दोन्ही बाजूंनी येणे. केंद्रकात त्या जनुकाचे एक जरी प्रभावी रूप असेल तरी पराग पुन्हा धरतो. अशा वंध्य कांद्यांची कळी चिरडून पाहिली तर अर्धसूत्री विभाजन अनेकदा व्यवस्थित झालेले दिसते, चतुष्कही दिसतात. बिघाड त्याच्या आसपास किंवा लगेच पुढे होतो. टॅपेटम एक तर वेळेआधी कोसळतो किंवा मरायच्या वेळी मरत नाही, फुगून बसतो, आणि लघुबीजाणू रिकामे, चुरगळलेले राहतात. तुमच्या शेतातील फिकट परागकोश बाहेरून दिसतात ते याच प्रकारात बसणारे आहेत.

हवामानामुळेही असेच दृश्य दिसू शकते. जपानमधील होक्कायडो बेटावर भाताच्या पिकाला कोवळ्या लघुबीजाणूच्या अवस्थेत थंडी लागली की टॅपेटम फुगतो आणि दाणे भरत नाहीत, हे पूर्वीपासून माहीत आहे. टोमॅटोत याच्या उलट बाजूने, म्हणजे उष्णतेने, हानी होते; फूल उमलण्याच्या साधारण आठ-नऊ दिवस आधी, मातृपेशी विभागत असताना, पारा ४० अंशांकडे गेला तर ते फूल दिसायला चांगले उमलते, पण त्यातला पराग निकामी असतो आणि फूल गळते. शेतकरी त्या दिवशीच्या हवेला दोष देतो. खरे तर त्याने मागच्या आठवड्यातील तापमानाची नोंद काढून पाहावी.

टॅपेटमच्या तावडीतून सुखरूप सुटलेल्या लघुबीजाणूची पुढची वाटचाल पाहू, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचा हा भाग अजून उरला आहे. मोकळा झालेला लघुबीजाणू वेगाने फुगतो. आतील लहान रिक्तिका एकत्र येऊन एक मोठी रिक्तिका बनते आणि केंद्रक एका बाजूला, कवचालगत ढकलले जाते. हे ढकलणे नुसते जागेअभावी होत नाही. सूक्ष्मनलिकांचा सांगाडा केंद्रकाला त्या जागी धरून ठेवतो. त्यानंतर होणारे सूत्री विभाजन मुद्दाम असमान असते: एक मोठी कायिक पेशी, जिच्या वाट्याला जवळजवळ सर्व पेशीद्रव्य आणि अंगके येतात, आणि कवचाला चिकटलेली एक चिमुकली जननपेशी. दोघींच्या मध्ये भिंगाच्या आकाराची पातळ कॅलोज-भिंत पडते, ती थोड्या वेळात विरते, आणि जननपेशी कवचापासून सुटून कायिक पेशीच्या पोटात शिरते. पेशीच्या आत पूर्ण पेशी, तीही स्वतःच्या पटलासह, ही रचना रंजक लावून पाहताना प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटते. दोन्ही केंद्रकांत आनुवंशिक माहिती सारखीच असते, तरी कायिक पेशीचे केंद्रक मोठे, विरळ आणि फिकट रंगते, जननपेशीचे लहान, घट्ट आणि गडद. कोल्चिसिन देऊन हे विभाजन समान पाडले तर दोन्ही पेशी कायिक पेशीसारख्या वागतात. म्हणजे जननपेशीचे वेगळेपण त्या असमान वाटणीतूनच येते.

या असमान वाटणीचा एक दूरगामी परिणाम आहे. बहुतेक फुलझाडांत जननपेशीत लवके येतच नाहीत किंवा आलेली टिकत नाहीत, आणि तंतुकणिकांचा वारसाही सहसा आईकडूनच जातो. अपवादही आहेत: आपल्या आयुर्वेदातील चित्रकात जननपेशीपासून होणारी दोन पुंयुग्मके, म्हणजे नर जननपेशी, एकसारखी नसतात, एकात लवके भरपूर असतात आणि तेच बहुतेक वेळा अंडपेशीशी मीलन पावते. पण कांद्याच्या बाबतीत तुम्ही सर्वसाधारण नियम धरून चाला, कारण पेशीद्रव्यातील वंध्यत्व फक्त मातेच्या बियांतून पुढे का जाते, हे त्यातून कळते.

लघुबीजाणूची वाट येथेच वळवता येते, हे भारतातच सिद्ध झाले. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोतऱ्याच्या एका जातीचे परागकोश पोषक माध्यमावर वाढवले, तेव्हा परागकणांपासून भ्रूण आणि त्यांपासून एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपे मिळाली. जी पेशी दोन दिवसांनी जननपेशी देणार होती, तिने अख्खे झाड दिले. बीज-सुधारणेत एकगुणित रोपांचे तंत्र पुढे जगभर गेले, त्याचे मूळ या कामात आहे.

पक्व होण्याचा शेवटचा टप्पा थोडक्यात सांगतो. मोठी रिक्तिका नाहीशी होते, कायिक पेशी पेशीद्रव्याने, पिष्टाने किंवा स्निग्ध द्रव्याने भरते, परागनलिकेला लागणारे आरएनए आणि प्रथिने आधीच साठवली जातात, आणि मग कण बरेचसे पाणी गमावून सुप्त होतो. सुमारे ७० टक्के सपुष्प वनस्पतींत पराग याच दोन-पेशी अवस्थेत बाहेर पडतो. कांदा आणि टोमॅटो यांत तसेच आहे. गहू, मका, बाजरी, सूर्यफूल, मोहरी यांत जननपेशी आधीच विभागून दोन पुंयुग्मके तयार झालेली असतात, आणि असा पराग बहुधा लवकर मरतो. परागकोशाच्या भिंतीत एंडोथेसियमच्या पेशींवर जाड पट्ट्या आलेल्या असतात. त्या वाळताना ताणतात आणि परागकोश ठरलेल्या रेषेवर उकलतो.

आता शेतात काय करायचे ते सांगतो. सकाळी ऊन चढल्यावर, दव गेल्यानंतर, काळे कापड घेऊन डोंगळ्यांत जा. संशयित गोंड्यावरची नुकतीच उमललेली दहा-बारा फुले कापडावर हलकेच झटका आणि प्रत्येक फुलाचे परागकोश नखावर दाबून पाहा. कांद्यात पराग स्त्रीकेसर तयार होण्याआधीच, दोन-तीन दिवसांत, झडून जातो, त्यामुळे जुनी फुले पाहून फसू नका. फिकट परागकोश आणि झडून रिकामा झालेला परागकोश वरवर सारखे दिसू शकतात. त्या गोंड्याला खूण करून चार-चार दिवसांनी आणखी दोनदा तपासा. गोंड्यावरची सर्व फुले, लवकरची आणि उशिराची, सारखीच कोरडी असतील आणि शेजारच्या झाडावर पिवळी पूड भरपूर असेल, तर कारण आनुवंशिक आहे. काही फुले रिकामी आणि त्यांच्या आधीची-नंतरची फुले भरलेली असतील, आणि असा पट्टा आसपासच्या अनेक झाडांवर दिसत असेल, तर हवामानाच्या धक्क्याचा संशय घ्या आणि त्याआधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांतील किमान तापमानाची नोंद पाहा. निफाडची थंडी काय असते हे तुम्हाला मी सांगायला नको. परागकोशांवर पांढुरके ओरखडे असतील तर मात्र फुलकिडे आहेत का ते भिंगाने तपासा.

माझा अंदाज पहिल्या कारणाकडे झुकतो, कारण तुम्ही ‘काही गोंड्यांवर’ असे लिहिले आहे आणि त्या गोंड्यांवर एकही भरलेले फूल असल्याचा उल्लेख नाही. तसे असेल तर हा रोग नाही आणि कोणत्याही फवारणीने त्या परागकोशांत पराग येणार नाही. ज्या थराला तो घडवायचा होता, तो कळी उमलण्याआधीच कोसळलेला आहे. उलट फुलोऱ्यात कीटकनाशक फवारल्याने सातेरी, आग्या आणि फुलोरी मधमाश्या शेत सोडतात आणि चांगल्या गोंड्यांतही बी कमी धरते. घरच्यांना हे स्पष्ट सांगा आणि फुलोरा संपेपर्यंत तिसरी फवारणी होऊ देऊ नका.

या गोंड्यांत बी येणारच नाही असे मात्र समजू नये. त्यांचा स्त्रीभाग निर्दोष असतो, मधमाश्यांनी शेजारचा पराग आणला की उळे धरते. फक्त ते वेगळे काढा आणि वेगळ्या पिशवीत ठेवा. खाण्याचा कांदा पिकवायला ते चालते, कारण कांदा पोसण्याशी परागाचा संबंध नाही. पुढच्या वर्षी डोंगळ्यांसाठी मात्र त्यातले कांदे ठेवू नका, कारण त्या प्रत्येक बीत आईचे सदोष पेशीद्रव्य उतरलेले असते आणि वाणात वंध्य झाडांचे प्रमाण वाढत जाण्याचा धोका राहतो. खूण केलेल्या एक-दोन झाडांच्या वेगवेगळ्या वयांच्या हिरव्या कळ्या मिश्रणात ठेवून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्या, शेजारी चांगल्या झाडाच्या कळ्याही घ्या, आणि चतुष्कापर्यंत दोन्हींत फरक दिसतो का ते पाहा. फरक चतुष्कानंतर सुरू होत असेल आणि टॅपेटमच्या पेशी फुगलेल्या किंवा अकाली विरलेल्या दिसत असतील, तर त्या काचपट्ट्या आणि झाडांचे कांदे राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातील पैदासकारांना दाखवा. संकरित कांद्यासाठी असे मातृवाण लागतातच, आणि शेतात आपोआप आढळलेले झाड त्यांच्या उपयोगी पडू शकते.